टनेलचा आयपी इंटरफेस अप आहे, तरी सिन्नरला मोठी पॅकेटं पोचत नाहीत

सातपूरकर

नमस्कार मंडळी. तीन दिवस डोकं फोडून झालं, म्हणून शेवटी इथे विचारतोय. लांबलचक लिहितोय, पण अर्धवट माहिती दिली की तुम्हीच रागावता.

आमचा कारखाना सातपूर एमआयडीसीत, दुसरं युनिट सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. नेटवर्कवर लक्ष ठेवणारा झीकचा सर्व्हर सिन्नरला आहे, कारण तिथली सर्व्हर रूम नवी आहे आणि एसी चालतो. (सातपूरच्या एसीबद्दल न बोललेलंच बरं.) सातपूरला कोअर स्विच आणि फायरवॉल यांच्यामधल्या फायबरवर टॅप (जाणाऱ्या पॅकेटांची कॉपी काढणारं उपकरण) बसवलाय. टॅपची कॉपी व्हिजिबिलिटी अप्लायन्समध्ये (कॉपी गाळून पुढे पाठवणारा डबा) येते, तिथून व्हीएक्सलॅन टनेलने (अख्खं पॅकेट दुसऱ्या यूडीपी पॅकेटात गुंडाळून) सिन्नरच्या अप्लायन्सकडे जाते, तिथे टनेलचं हेडर काढून झीकला मिळते. मध्ये ऑपरेटरची २०० एमबीपीएसची लाइन, ती फायरवॉलच्या पलीकडे.

सातपूरला टूल पोर्टवर (अप्लायन्समधून कॉपी बाहेर पडते तो) आयपी इंटरफेस केलाय: १०.२०.५०.२, मास्क /२९, गेटवे १०.२०.५०.१ (हा गेटवे कोअर स्विचवरच आहे), एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० बाइट. सिन्नरला नेटवर्क पोर्टवर (कॉपी आत येते तो) १०.३०.५०.२, गेटवे १०.३०.५०.१. व्हीएनआय (टनेलचा ओळख नंबर) दोन्हीकडे ५००१, यूडीपी पोर्ट ४७८९.

पहिल्या दिवशीचा गाढवपणा माझाच होता. आयपी इंटरफेसला मॅनेजमेंटच्या सबनेटमधलाच एक रिकामा पत्ता देऊन टाकला. डबा एकच आहे ना, मग काय बिघडतं, असं वाटलं. पण मॅनेजमेंट पोर्टची केबल वेगळ्या स्विचला, टूल पोर्टची वेगळ्या. गेटवेचा मॅक (हार्डवेअर पत्ता) मिळेचना, तो विचारणारा एआरपी लटकलेला. संध्याकाळी वेगळं व्हीलॅन (स्विचवरचा वेगळा कप्पा) आणि वेगळं सबनेट दिलं आणि दोन मिनिटांत इंटरफेस अप, पिंगही चालू.

आता खरं दुखणं. झीकमध्ये डीएनएस दिसतं, टीसीपीचा हँडशेक दिसतो, पण फाइल डाउनलोड किंवा मोठं वेब पेज असलं की आतला डेटा गायब. कनेक्शन लॉगमध्ये मिस्ड बाइट्सचा (झीकपर्यंत न पोचलेल्या डेटाचा) आकडा प्रचंड. ऑपरेटर म्हणतो लाइन स्वच्छ आहे. अप्लायन्सच्या सपोर्टवाल्यांनी फर्मवेअर अपग्रेड करायला सांगितलं. केलं, काही फरक नाही.

अजून दोन बारीक गोष्टी, कदाचित संबंध नसेल. झीकच्या टनेल लॉगमध्ये १०.२०.५०.२ ते १०.३०.५०.२ अशा व्हीएक्सलॅनच्या ओळी दिसतात. आणि परवा कारखान्याला सुट्टी होती, तरी लाइनवर ९० एमबीपीएस चालू होते.

खुलापोर्ट

एमटीयू. आतलं पॅकेट १५०० बाइटचं, त्यावर आतलं इथरनेट हेडर १४, व्हीएक्सलॅन ८, यूडीपी ८, बाहेरचं आयपी २०. झाले १५५०. तुमचा इंटरफेस १५०० चा, मग ते जाणार कुठून? सातपूरच्या राउटरवरून सिन्नरच्या राउटरला डीएफ बिट (तुकडे करू नका अशी खूण) लावून १४७२ चा पिंग मारा, मग १५२२ चा; हेडरचे २८ धरून ते १५०० आणि १५५० होतात. पहिला गेला आणि दुसरा अडला तर उत्तर मिळालं.

नवखा_नेटवर्क

सोपा उपाय सांगू का? फायरवॉलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १४१० करून टाका. पॅकेटंच लहान होतील, ऑपरेटरच्या पाया पडायची गरज नाही.

खुलापोर्ट

गणित बरोबर आहे भाऊ, पण तसं करू नका. देखरेखीची कॉपी मावावी म्हणून चालत्या कारखान्याच्या सगळ्या कनेक्शनची पॅकेटं कापायची? शिवाय यूडीपीला एमएसएस नसतोच.

साध्या व्हीपीएनमध्ये पॅकेट मावलं नाही की राउटर पाठवणाऱ्याला आयसीएमपीने कळवतो आणि तो लहान पाठवतो. इथे बाहेरच्या हेडरवर सोर्स म्हणून अप्लायन्सचा पत्ता आहे. निरोप आलाच तर तो अप्लायन्सकडे येणार, आणि त्याने करायचं काय? त्याच्याकडे फक्त झेरॉक्स आहे. मूळ पॅकेट कधीच मुक्कामी पोचलेलं असतं. म्हणून टनेलच्या वाटेवर एमटीयू आधीच पुरेसा ठेवावा लागतो.

सातपूरकर

पिंग केला. १४७२ जातो, १५२२ नाही. म्हणजे ऑपरेटरला मेल टाकतो. तोवर व्हीएक्सलॅनऐवजी जीआरई (दुसऱ्या प्रकारचं टनेल) वापरलं तर काही बाइट वाचतील का?

आडगाव_नाका

‘की’ (टनेल ओळखायचा नंबर) सकट जीआरई घेतलंत तर जादा बाइट ५० ऐवजी ४२. आठ बाइट वाचले, पॅकेट १५४२ चं झालं, अडायचं ते अडलंच. त्या वाटेला जाऊ नका.

गेलातच तर एक लक्षात ठेवा. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद, मी घरी अडकलेलो, आणि फोनवरून एकाला फायरवॉलमध्ये जीआरई उघडायला सांगितलं. पठ्ठ्याने टीसीपी पोर्ट ४७ उघडला. जीआरईला पोर्टच नसतो, ४७ हा आयपी प्रोटोकॉलचा नंबर आहे. अख्खा दिवस गेला हे कळायला.

गोदाकाठ

सातपूरकर, एमटीयूचं निदान बरोबर आहे, पण थांबा, अजून काही वाढवू नका. तुम्ही "कदाचित संबंध नसेल" म्हणून शेवटी जे दोन मुद्दे टाकलेत, तिथेच मोठं दुखणं आहे.

सिन्नरला हेडर काढल्यावर झीकला फक्त आतलं पॅकेट दिसायला हवं. त्याला तुमच्याच टनेलचं व्हीएक्सलॅन दिसतंय, याचा अर्थ टनेलच्या आत टनेल आहे. तुमची मांडणी परत वाचा. आयपी इंटरफेसचा गेटवे कोअर स्विचवर, लाइन फायरवॉलच्या पलीकडे. म्हणजे टनेलचं पॅकेट कोअरवरून फायरवॉलकडे ज्या फायबरने जातं, त्याच फायबरवर टॅप आहे. टॅप बिचारा त्याचीही कॉपी काढतो, अप्लायन्स तिच्यावर पुन्हा हेडर चढवतो, ती पुन्हा टॅपसमोरून जाते.

प्रत्येक फेरीला ५० बाइट वाढतात. ५२ बाइटचं साधं टीसीपीचं पोचपावतीचं अ‍ॅक घ्या: १०२, १५२, २०२ करत १४५२ पर्यंत २८ फेऱ्या होतात, २९ वी १५०० च्या वर जाते म्हणून अडते. सुट्टीच्या दिवशीचे ९० एमबीपीएस हेच आहेत. मोठं पॅकेट पहिल्याच फेरीत अडतं म्हणून ते घुमत नाही. आज तुमचा १५०० चा एमटीयूच या चक्राला बांध घालून बसलाय. तो १६०० केलात तर १५०० चं पॅकेटही १५५० आणि १६०० अशा दोन फेऱ्या मारेल. दिवसाढवळ्या हे झालं तर लाइन बसलीच समजा, आणि तिच्यावर तुमचा बाकीचा धंदाही चालतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी सातपूरच्या अप्लायन्सवर, टनेलकडे पाठवणाऱ्या नियमाच्या वर, ड्रॉपचा नियम: सोर्स १०.२०.५०.२, डेस्टिनेशन १०.३०.५०.२, यूडीपी ४७८९. नुसता ४७८९ लिहू नका. उद्या कुणी सर्व्हरमध्ये व्हीएक्सलॅन वापरलं तर तेही आंधळेपणाने गाळलं जाईल. लाइनवरचा भार उतरला की मग एमटीयू.

आणखी एक. काही डब्यांमध्ये टनेलच्या पॅकेटचे तुकडे करायची सोय असते, ती चालू करून समाधान मानू नका. व्हीएक्सलॅनचं २०१४ चं आरएफसी ७३४८ (त्याची व्याख्या करणारा दस्तऐवज) टनेलच्या टोकांना तुकडे करू नका असंच सांगतं. कारणही साधं आहे: यूडीपीचं हेडर पहिल्या तुकड्यातच असतं. पोर्ट ४७८९ बघून हेडर काढणाऱ्या डब्याला दुसरा तुकडा कुणाचा हे ओळखता येत नाही.

सातपूरकर

दादा, वाचून घाम फुटला. मी उद्या सकाळी एमटीयू वाढवणारच होतो, तोही शिफ्ट चालू असताना. ड्रॉपचा नियम आत्ताच टाकला. लाइन ९० वरून थेट ६ एमबीपीएसवर आली. टनेल लॉगमध्ये नव्या ओळी यायच्या थांबल्या.

सातपूरकर (पाच दिवसांनी)

ताजी खबर. ऑपरेटरने दोन दिवस घेतले, पण लाइनवर १६०० देतो म्हणाला आणि दिलं. दोन्ही आयपी इंटरफेस, कोअरचं व्हीलॅन, फायरवॉलचे दोन पाय (आतला आणि बाहेरचा इंटरफेस), दोन्ही राउटर, सगळीकडे १६०० केलं. १५२२ चा पिंग राउटर ते राउटर सुरळीत. मोठ्या थाटात झीक उघडलं, तर मिस्ड बाइट्स होते तेवढेच!

मग गाडी काढून सिन्नरला गेलो. रॅकच्या मागे राउटर आणि अप्लायन्स यांच्यामध्ये आठ पोर्टचा एक जुना डेस्कटॉप स्विच लोंबकळत होता, वर धुळीचा थर. कुणी लावला हे कुणालाच आठवत नाही. त्याच्यात काही कॉन्फिगर करायची सोयच नव्हती. मोठी फ्रेम आली की गुपचूप टाकून देत होता. मी पिंग राउटरपर्यंतच तपासला होता, अप्लायन्सच्या इंटरफेसपर्यंत नाही, ही माझी चूक. स्विच काढला, थेट केबल जोडली. दहा मिनिटांत फाइलींचा डेटा दिसायला लागला.

सातपूरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सिन्नरला जातं, त्याचीही कॉपी त्याच लाइनवरून जात होती. एकच व्हिडिओ दोनदा कशाला पाठवायचा? तेही व्हीलॅन गाळलं. आता दुपारच्या गर्दीतही लाइन निम्म्याच्या खाली आहे.

आज सकाळी फायरवॉल सांभाळणारा सहकारी धावत आला, १०.२०.५०.२ वरून हजारो वेगवेगळे सोर्स पोर्ट दिसतात, कुणी स्कॅन करतंय म्हणून. आतल्या पॅकेटच्या हॅशवरून सोर्स पोर्ट ठरतो, म्हणून प्रत्येक कनेक्शनचा वेगळा दिसतो, हे त्याला समजवायला एक अख्खी मिसळ लागली. पैसे त्यानेच दिले.

गोदाकाठ

छान. आता त्या ड्रॉप नियमाच्या काउंटरवर अलार्म लावून ठेवा. टनेलचं प्रत्येक पॅकेट टॅपसमोरून जाऊन तिथे मोजलं जातं. तो काउंटर वाढायचा थांबला की समजा सातपूरहून कॉपी निघायचीच बंद झाली, मग इंटरफेस कितीही अप दिसो.