कृष्णेच्या वाळवंटातला तमाशा कुठं उभा राहायचा?

पलूसकर
आमच्या आजोबांच्या तोंडी कायम "नदीच्या वाळवंटातला तमाशा" असायचा. आज तिथं बारमाही पाणी दिसतंय. सांगली जिल्ह्यात नदीकाठाला तमाशाचं पक्कं थेटर होतं का? जाणत्या मंडळींनी सांगावं.

वाळवेकर
पक्कं कुठलं! पावसाळ्यात कृष्णा काठावर काय ठेवतीया का? दसरा झाला की तमाशाचे फड, म्हणजे कलावंतांच्या मंडळ्या, बाहेर पडायचे आणि उन्हाळाभर जत्रा गाजवायचे. मी शाळकरी असताना आमच्याकडं उन्हाळ्यात निम्मं पात्र उघडं पडायचं. त्या वाळूत बैलगाड्या जुळवून वर फळ्या टाकायच्या, मागं कनात, बाजूला गॅसबत्त्या. झालं थेटर. माणसं वाळूतच बसायची. खेळाआधी हलगीवाला पाचटाचा जाळ करून हलगी शेकायचा, टिचकी मारून बघायचा, परत शेकायचा. कातडं तापून आवाज खणखणला की मगच थाप. ती ऐकून पलीकडच्या काठची माणसं धोतरं खोचून पाण्यातनं यायची. गणपतीचा गण, कृष्णाची गवळण, हसवायची बतावणी, लावण्या आणि पहाटेपर्यंत वग, म्हणजे गोष्टीचं नाटक.

या मातीचं देणं फार मोठं आहे. शाहीर पठ्ठे बापूराव (1866–1945) म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्ण्याच्या घरातला माणूस घरदार, जातपात सोडून फडात उभा राहिला आणि पवळाबाईंच्या साथीनं महाराष्ट्र गाजवला. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. तमाशातली काळू-बाळू ही जुळी भावंडं कवलापूरची.

मिरजेची लेक
बाईमाणसाला तिथं बसायची सोय नव्हती, हेही लिहा. माझ्या आजीनं लावणी ऐकली ती दुसऱ्या दिवशी, मोटंवरच्या गड्याच्या तोंडून. तिला ती अख्खी पाठ होती, पण घरात कुणासमोर म्हटली नाही. आणि नाचणाऱ्या बायका तान्ही लेकरं कनातीमागं झोपवून बोर्डावर यायच्या. गावानं रात्रभर दौलतजादा केला, म्हणजे त्यांच्यावर पैसे उधळले, सकाळी ओळख दिली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पलूसकर
खरंय ताई. पण मग ते वाळवंट गेलं कुठं?

वाळवेकर
ताईंचं बोलणं सोळा आणे खरं. वाळवंटाचं म्हणाल तर 1960च्या दशकात कोयना धरण झालं. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिळते, त्यामुळं धरणाचं सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही खाली यायला लागलं. त्यात जागोजागी बंधारे, पाणी तुंबून राहिलं. ऊस वाढला, पोटाला मिळालं, त्याला नावं ठेवत नाही. उरलीसुरली वाळू मात्र उपशानं गेली. आमच्या घाटाखाली आता खापरी माती आणि चिखल आहे, फळी टाकायला जागा नाही. फड मग गावाबाहेरच्या माळावर तंबू ठोकायला लागले.