प्रकाशचित्रांचे एडिटिंग आणि प्रामाणिक अभिप्राय : मार्गदर्शन हवे आहे

धागाकर्ता :

नमस्कार. मी डिजिटल कॅमेऱ्याने प्रामुख्याने निसर्गदृश्ये आणि अधूनमधून व्यक्तिचित्रे टिपतो. कॅमेरा हाताळण्याविषयी वाचायला पुष्कळ मिळते, परंतु एडिटिंगविषयी जे मिळते ते बहुतेक वेळा 'हा प्रीसेट (आधीच ठरवलेल्या बदलांचा संच) वापरा' किंवा 'ही पट्टी (स्लायडर) एवढी सरकवा' अशा स्वरूपाचे असते, आणि ती का सरकवायची हे कोणी सांगत नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडल्यावर सुरुवात कशापासून करावी, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरी अडचण अशी, की संगणकावर व्यवस्थित दिसणारे चित्र छापून आल्यावर काळवंडलेले असते आणि इतरांच्या पडद्यावर त्याचे रंग फिकट दिसतात. आणि ज्या समूहांत मी चित्रे ठेवतो तिथे 'सुंदर', 'अप्रतिम' यापलीकडे काही ऐकायला मिळत नाही. चित्रात काय कमी आहे हे सांगणारी माणसे कुठे आणि कशी शोधावीत? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :

पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी एक काम करून पाहा. हे चित्र आपण कशासाठी टिपले, ते एका वाक्यात लिहा. 'धुक्यातून पुढे आलेले एकटे झाड' असे वाक्य असेल, तर धुके कापून काढणारी डीहेझची पट्टी या चित्रासाठी नाही, हे आपोआप ठरते. बहुतेक चित्रे बिघडतात ती तंत्राच्या अज्ञानाने नव्हे, तर प्रत्येक पट्टी उपलब्ध आहे म्हणून थोडीथोडी सरकवल्याने, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता क्रमाकडे वळू. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी उजेडाच्या १६,३८४ पातळ्या नोंदवता येतात, तर जेपेग या नेहमीच्या संकुचित चित्रफाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी केवळ २५६ असतात. सेन्सर प्रकाशाची नोंद सरळ प्रमाणात करतो. त्यामुळे या पातळ्यांपैकी निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) वाट्याला जातात आणि गडद भागाकडे जावे तशा त्या प्रत्येक स्टॉपला निम्म्या होतात. शिवाय गडद भागात मुळात प्रकाशच कमी पोहोचलेला असतो. सावल्या फार उचलल्या की त्यांत कण आणि रंगीत डाग दिसू लागतात, ते या दोन्ही कारणांनी. याउलट उजळ भागात सेन्सर एकदा पूर्ण भरला, की तिथे कोणतीही माहिती उरत नाही आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्रॅम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख : डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) साधारणतः जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो उजव्या कडेला किंचित टेकला तरी रॉ फाइलमध्ये थोडा तपशील शिल्लक असू शकतो. परंतु त्या भरवशावर राहू नये.

मी प्रथम व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचा रंगांचा समतोल) ठरवतो, कारण तो बदलला की रंगच नव्हे तर प्रत्येक रंगाची उजेडाची पातळीही बदलते. रॉ फाइलमध्ये हा निर्णय कितीही वेळा नुकसानाविना बदलता येतो. एखादी करडी वस्तू निवडून रंग तटस्थ करण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण सूर्यास्ताच्या चित्राला ती लावली तर ज्या उबेसाठी चित्र टिपले तीच निघून जाते. त्यानंतर एकूण एक्स्पोजर (चित्राचा उजेड), मग हायलाइट्स आणि शॅडोज (उजळ आणि गडद भाग), आणि सर्वांत शेवटी रंगांची तीव्रता. सॅच्युरेशन सर्व रंगांना सारखेच वाढवते. व्हायब्रन्स मुळात फिक्या असलेल्या रंगांवर अधिक परिणाम करते आणि त्वचेच्या छटांना बरेचसे सांभाळून घेते, म्हणून व्यक्तिचित्रांत ते अधिक सुरक्षित. लाल फुलांच्या चित्रात हिस्टोग्रॅमचे तिन्ही रंग स्वतंत्रपणे पाहावेत, कारण एकूण उजेड योग्य दिसत असतानाही लाल रंग कडेला आपटलेला असू शकतो आणि पाकळ्यांचा पोत सपाट होतो.

निसर्गदृश्यांत एक खूण नेहमी तपासावी : डोंगराची कड आणि आकाश यांच्या मध्ये पांढुरकी रेघ दिसू लागली, की क्लॅरिटी (छटांमधला फरक ठळक करणारी पट्टी) किंवा शॅडोजची मात्रा जास्त झाली. पूर्ण चित्रावर एकच बदल लादण्यापेक्षा मास्क (बदल निवडलेल्या भागापुरताच ठेवणारे आवरण) वापरून हवा तेवढाच भाग उजळ किंवा गडद करणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते; अंधारखोलीत छापणारे छायाचित्रकार नेमके हेच हाताने करत असत. शार्पनिंगचा (कडा अधिक रेखीव करण्याचा) अंदाज चित्र १०० टक्के आकारात पाहूनच घ्यावा, आणि अखेरचे शार्पनिंग चित्र ज्या आकारात प्रकाशित करायचे त्या आकारात आणल्यानंतर करावे. काम संपल्यावर शक्य असल्यास एक रात्र जाऊ द्यावी. ताज्या डोळ्यांना जे भडक वाटते, ते आदल्या दिवशी थकलेल्या डोळ्यांना दिसलेले नसते.

प्रतिसाद २ :

छपाईत चित्र गडद येण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे मॉनिटरची अवाजवी चमक. पडदा फार उजळ असला की आपण नकळत चित्र गडद करत जातो. साधारण १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढी चमक, ६५०० केल्विनचा पांढरा बिंदू आणि २.२ गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) या मूल्यांवर मॉनिटर कॅलिब्रेट (प्रमाणित) करावा. त्यासाठी कलरिमीटर हे छोटे उपकरण मिळते. ते नसेल तर निदान चमक कमी करून, खोलीतील प्रकाश स्थिर ठेवून काम करावे.

रंग फिकट दिसण्याचे कारण वेगळे असावे. आपण बहुधा अॅडोबी आरजीबी या विस्तृत रंगपटात (रंगांच्या आवाक्यात) फाइल निर्यात करत आहात. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेला एसआरजीबी हाच आजही वेबवरचा सर्वसाधारण रंगपट आहे, आणि विस्तृत रंगपटातील फाइल त्याच्याच मापाने वाचली गेली की रंग मरगळलेले दिसतात. निर्यात करताना एसआरजीबी निवडावे आणि प्रोफाइल (कोणता रंगपट वापरला त्याची नोंद) फाइलमध्ये अंतर्भूत ठेवावे. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून जतन करू नये, कारण प्रत्येक वेळी काही तपशील गळतो. बदल हवा असल्यास मूळ रॉ फाइलकडे परत जावे.

प्रतिसाद ३ :

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहेत, आणि गंभीर कामासाठी पुरेशी आहेत. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो. लाइटरूम सोपे वाटते, परंतु त्याचे सदस्यत्व घ्यावे लागते. तिन्हींमध्ये मूळ फाइलला धक्का लागत नाही, केवळ सूचना साठवल्या जातात. कोणतेही एक निवडून किमान वर्षभर बदलू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

धागाकर्ता :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निर्यातीत खरोखरच अॅडोबी आरजीबी निवडलेले होते. या निमित्ताने आणखी एक विचारतो. दृश्यातून जाणारी विजेची तार पुसावी का, आकाश बदलावे का, यावर समूहांत कडाक्याचे वाद होतात. मर्यादा कुठे मानावी?

प्रतिसाद ४ :

मर्यादा ठरते ती पाहणाऱ्याला आपण काय सांगितले आहे त्यावरून. वृत्तचित्र, वन्यजीव किंवा दस्तऐवजी चित्र असेल, तर जे समोर होते तेच चित्रात असले पाहिजे. तिथे तारसुद्धा पुसू नये. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तचित्रांच्या स्पर्धेत २०१५ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या चित्रांपैकी सुमारे २० टक्के चित्रे फेरफारामुळे बाद झाली होती, आणि त्यांतील काही फेरफार अगदी किरकोळ होते. कलात्मक चित्राला ही अट नाही, पण लपवाछपवी तिथेही चालत नाही. २०२३ मध्ये जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधील आपला पुरस्कार नाकारला आणि ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केले असल्याचे जाहीर केले. त्यानंतर हा प्रश्न टाळणे कोणत्याच समूहाला शक्य राहिले नाही. आकाश बदलले असेल तर चित्राखाली 'आकाश वेगळ्या चित्रातून घेतले आहे' एवढे लिहावे. त्याने चित्राची किंमत कमी होत नाही, आणि नवशिक्यांना तसे आकाश कॅमेऱ्यातच मिळते असा गैरसमज होत नाही.

प्रतिसाद ५ :

अभिप्रायाचा प्रश्न मागे पडू नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

'कसे वाटले?' या प्रश्नाला 'छान' याशिवाय दुसरे उत्तर येणे कठीण आहे. प्रतिसाद १ मध्ये सुचवलेले ते एक वाक्य चित्रासोबत द्या आणि नेमके विचारा : नजर प्रथम कुठे जाते, डावीकडचा गडद भाग अडखळवतो का, त्वचेचा रंग हिरवट वाटतो का. शक्य असेल तर एडिटिंगपूर्वीचे चित्रही शेजारी ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याला आपल्या निर्णयांवर बोलता येते. समूह निवडताना सदस्यसंख्या पाहू नका, प्रतिसादांची लांबी पाहा. हजारो सदस्यांच्या समूहात चित्र काही मिनिटांत खाली जाते, तर आठवड्याला एकच चित्र ठेवण्याचा नियम असलेल्या छोट्या समूहात लोक थांबून पाहतात. सामील झाल्यावर काही आठवडे स्वतःचे चित्र न ठेवता इतरांच्या चित्रांवर लिहा. यात सौजन्य तर आहेच, पण दुसऱ्याच्या चित्रात पांढुरकी कड शोधायला शिकलेली नजर आपल्या चित्रातही ती शोधू लागते, हा त्याहून मोठा लाभ आहे.

अभिप्राय लिहिताना आधी काय दिसते ते सांगावे, मग त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला ते, आणि उपाय सर्वांत शेवटी. 'क्रॉप करा' एवढेच लिहिण्यापेक्षा 'उजव्या कडेची उजळ फांदी चेहऱ्यावरून लक्ष खेचून घेते' असे लिहिले, तर क्रॉप करायचे, फांदी गडद करायची की तशीच ठेवायची, हे छायाचित्रकाराला स्वतः ठरवता येते. दुसऱ्याचे चित्र परवानगीशिवाय उतरवून, बदलून पुन्हा प्रकाशित करू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. परस्परविरोधी सल्ले मिळाले तर गोंधळू नये : अनेकांनी एकाच जागी बोट ठेवले असेल तर तिथे काहीतरी अडते आहे हे बहुधा खरे असते, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय योग्य असेलच असे नाही. आपल्या लिहिलेल्या वाक्याशी जो सल्ला जुळत नाही, तो आभार मानून सोडून द्यावा.

चित्र सार्वजनिक करण्यापूर्वी एक्झिफमधील (चित्रफाइलसोबत आपोआप साठणाऱ्या माहितीतील) जीपीएसची म्हणजे ठिकाणाची नोंद काढून टाकावी, विशेषतः घरातली, मुलांची आणि पक्ष्यांच्या घरट्यांची चित्रे असतील तेव्हा. घरट्याचे ठिकाण उघड झाले की तिथे गर्दी होते आणि पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. शटर, अॅपर्चर, आयएसओ या नोंदी मात्र जरूर राहू द्याव्यात, कारण शिकणाऱ्यांना त्यांचाच उपयोग होतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये निर्यातीच्या वेळी केवळ स्थान वगळण्याचा स्वतंत्र पर्याय असतो. तो एकदा निवडून निर्यातीच्या प्रीसेटमध्येच जतन करून ठेवावा.