मेझों-लाफितमधला संरक्षित घरातला फ्लॅट: खिडक्यांचं काय करायचं?

विदर्भाचा_विनू:
मंडळी, पॅरिसच्या पश्चिमेला मेझों-लाफितच्या पार्क भागात एक फ्लॅट मनात भरलाय. १८८०च्या सुमाराची व्हिला, आता आत चार बिऱ्हाडं. विटा आणि जाळीदार म्यूलिएर दगड, वर स्लेटचं छप्पर. जिना बघूनच बायकोने पडद्यांचा रंग ठरवला. पण खिडक्यांना एकेरी काच; फेब्रुवारीत बघायला गेलो तर अंगातलं जॅकेट काढवेना. इमारत 'मोन्युमां इस्तोरिक', म्हणजे संरक्षित ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलेली आहे. एजंट म्हणतो, अर्ज टाका, दोन महिन्यांत पीव्हीसीच्या दुहेरी काचा बसवून घ्या. खरंय का?

चुना_आणि_वीट:
पीव्हीसीचं नाव काढू नका. माझं कामच जुन्या इमारतींचं, म्हणून स्पष्ट सांगते. दोन महिने लागतात ते स्मारकाच्या ५०० मीटरच्या आतल्या साध्या घरांना. तुमची तर इमारतच नोंदलेली. खिडक्या बदलायच्या तर बांधकाम परवाना, मुदत पाच महिने, शिवाय सरकारी वारसा खात्याची संमती. एजंटने शेजाऱ्याचा नियम तुम्हाला लावला.

आधी नोतेरकडून (खरेदीखत करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) संरक्षणाचा मूळ आदेश मागा. पुष्कळदा त्यात फक्त दर्शनी भिंती आणि छप्पर असतं, कधी जिना, एखादी शेकोटी. खिडक्या दर्शनी भिंतीतच धरतात, पण आतल्या खोल्या मोकळ्या असतील तर आतून दुसरी खिडकी लावता येते. बाहेरची लाकडी चौकट सुताराकडून नीट करून घ्या, फटींना पट्ट्या लावा, रात्री झडपा लावा. बरंचसं गारठणं फटींमुळेच असतं.

सेनकाठचा:
सोसायटीला विसरू नका! इमारतीचं बाहेरचं रूप बदलणारं काम सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावं लागतं, आणि सभा बहुधा वर्षातून एकदाच. विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला नाही की बसा पुढच्या वर्षापर्यंत.

बाकी गाव झकास. सकाळी शर्यतीचे घोडे रपेटीला निघतात. गंमत बघा: बँकर जाक लाफितने १८१८मध्ये इथला शातो, म्हणजे महाल घेतला, १८३४पासून बागेचे प्लॉट पाडले, आणि घरं बांधणाऱ्यांना दगड मिळावेत म्हणून वास्तुकार फ्रांस्वा मांसारने उभारलेले तबेले पाडून टाकले. सतराव्या शतकातले! त्याला कोणी पाच महिने थांबवलं नाही.

विदर्भाचा_विनू:
आदेश मिळाला. दर्शनी भिंती, छप्पर आणि जिना, एवढंच. मग आतल्या खिडकीला परवानगी नको ना?

चुना_आणि_वीट:
असं गृहीत धरू नका, ती काचेतून बाहेर दिसते. व्हर्सायच्या वारसा कार्यालयाला खिडकीचा फोटो आणि मापं पाठवून लेखी विचारा. उत्तर येईस्तोवर सही नको, आणि सुताराचा अंदाज हातात घेऊनच भावाला बसा.