सांगली-मिरजेत मुलांसाठी समुपदेशक सुचवा (बारावी, नीट, टेस्टची धास्ती)

हळदीची_सांगली
मुलगी बारावी सायन्सला, नीटची तयारी. दहावीपर्यंत कायम पहिल्या तिनात. आता विश्रामबागेतल्या एका क्लासच्या स्टार बॅचला, म्हणजे जास्त मार्कवाल्या मुलांच्या बॅचला आहे. दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर रँकची यादी. शनिवारी रात्रीपासून पोटात कळा सुरू होतात, सकाळी चहासुद्धा उलटून पडतो. घरी सगळं येतं. ओएमआर शीट (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) समोर आली की एकेक प्रश्न तीन-तीनदा वाचत बसते आणि फिजिक्सचे शेवटचे प्रश्न तसेच राहतात. डॉक्टरांनी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघितलं, सगळं नॉर्मल आहे.
सांगली, मिरज, फार तर जयसिंगपूर. बजेट महिन्याला दोन हजार, वर खरंच जमणार नाही. क्लास बदलायचा सल्ला नको.

कोयनाकाठ
क्लास बदला. पुतण्याला आम्ही अकरावीतच लातूरला टाकला. खोली आणि मेस धरून खर्च बराच येतो, पण पोरगं सुधारलं.

हरिपूरकर
समुपदेशकाला कशाला पैसे घालताय वो? रोज पहाटे संगमावर फिरायला न्या. कृष्णा-वारणेचं पाणी बघितलं की डोकं आपोआप शांत होतंय. मी दहावीला दोनदा बसलो, आज स्वतःचं दुकान आहे.

पुण्यातला_मिरजकर
आमच्या मुलाला हाच त्रास होता. पुण्यात एका सेशनचे अडीच हजार द्यायचो, आठवड्याला एक. पण पैसा वसूल! आता एमबीबीएसला आहे, सरकारी सीट. तुम्हीही ऑनलाइन घ्या. आणि काही झालं तरी स्टार बॅच सोडू नका.

हरिपूरकर
ताईंनी दोन हजार महिन्याला म्हटलंय. तुमचं महिन्याला दहा झालं की.

पुण्यातला_मिरजकर
मुलापुढे पैसा बघायचा नसतो.

तासगावचे_मास्तर
ताई, पेपरच्या तंत्राचं सांगतो. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. बरोबरला चार, चुकलं तर एक वजा, सोडलं तर शून्य. हुशार पोरांना नेमकं सोडणं जमत नाही. एखादा प्रश्न सोडला की त्यांना आपण हरलो असं वाटतं. तिला पहिल्या फेरीत फक्त हमखास येणारे घ्यायला सांगा, बायोलॉजीपासून. अडला की शेजारी खूण करून पुढे. आठवड्यातून एकदा घरी दुपारी दोन ते पाच, म्हणजे नीटच्याच वेळेला, झेरॉक्स काढलेल्या ओएमआरवर पेपर सोडवून घ्या. तपासायचा तिनेच, मार्क तुम्ही विचारायचे नाहीत. हात कापायला लागले तर पेन खाली ठेवून श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, पाच-सहा वेळा.
आणखी एक. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्यात. मार्कांवरून बॅचा पाडायच्या नाहीत, पोरांना चारचौघांत कमी लेखायचं नाही, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक ठेवायचा. क्लासेसनाही त्या लागू आहेत. तुमच्या क्लासचा समुपदेशक कुठे बसतो ते आधी विचारा.

साताऱ्याचा_कंदी
म्हणजे स्टार बॅचच बंद? मग स्पर्धा कसली! आमच्या साताऱ्यात सैनिक स्कूलची पोरं बघा, पहाटे उठून पळतात. एकाच्या पोटात दुखत नाही.

तासगावचे_मास्तर
तुम्ही त्यांच्या पोटात जाऊन आलाय काय?

साताऱ्याचा_कंदी
विषय भरकटवू नका.

आयुर्वेद_भक्त
ब्राह्मी. रोज सकाळी दुधातून. माझ्याकडे घरी केलेलं तूप आहे, मेसेज करा.

मिरजेची_सिस्टर
तूप राहू दे जरा. ताई, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मनोविकार विभाग आहे. केसपेपरचा खर्च किरकोळ, तुमच्या बजेटमध्ये आरामात बसेल. रांगेत वेळ जातो एवढंच, टेस्टच्या दिवसाच्या आसपास नेऊ नका. गोळ्याच देतील असं धरून चालू नका, बऱ्याचदा बोलण्यावरच भागतं. खासगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी विचारा, हल्ली बोर्ड कुणीही लावतंय. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात.
झोप किती होते ते तुम्ही लिहिलंच नाही. या वयाला आठ तास तरी हवेत. आणि ‘मी नसले तर बरं’ अशा धाटणीचं काही बोलली तर रविवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घेऊन यायचं.

कोयनाकाठ
सिस्टर म्हणतात ते बरोबर. लातूरलाही चांगले डॉक्टर आहेत.

पुण्यातला_मिरजकर
झोपेचं मी सांगणारच होतो. आमचा मुलगा सहाच तास झोपायचा, तरी सरकारी सीट.

हळदीची_सांगली
सगळ्यांचे आभार. झोप पाच तास, कधी त्याहून कमी. रात्री एकपर्यंत मोड्यूल घेऊन बसते. काल मास्तरांचं आणि सिस्टरांचं उत्तर तिलाच वाचायला दिलं. वाचून म्हणाली, ‘आई, मला साध्या बॅचला जायचंय, तिथे माझी मैत्रीण आहे.’ सर नाही म्हणत होते, यांनाही पटलेलं नाही, पण सोमवारपासून बॅच बदलून घेतली. क्लास तोच. रँकच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले. समुपदेशकाकडे यायला ती आत्ता तयार नाही, मी ओढून नेणार नाही. १४४१६ तिने स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतलाय. खूण करून पुढे जायचं मात्र आवडलं, कालच्या पेपरला करून बघितलं. मार्क विचारले नाहीत.

पुण्यातला_मिरजकर
स्टार बॅच सोडायला नको होती. पस्तावाल.

मिरजेची_सिस्टर
रात्री अकराला मोड्यूल काढून घ्या. बॅचचं नंतर बघू.

तासगावचे_मास्तर
साध्या बॅचला फिजिक्सला तेच सर आहेत ना, तेवढं बघा.

कोयनाकाठ
लातूरला ओळखीतली एक खोली रिकामी होतेय. कळवा.