वेगळा विदर्भ: दोन्ही बाजूंच्या बातम्या कशा तपासायच्या?

बर्डीकर: कॉलेजात वेगळ्या विदर्भावर वादविवाद आहे, बाजू ऐनवेळी चिठ्ठीने ठरणार. एक बातमी म्हणते सिंचनाचा अनुशेष (राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहिलेली तूट) संपला, दुसरी म्हणते बाकी आहे. कोणती खरी?

महालकर: दोन्ही खऱ्या असू शकतात, भाऊ. आधी पाहा, मोजमाप रुपयांत आहे की हेक्टरांत. आर्थिक अनुशेष म्हणजे तूट मोजली त्या वर्षीच्या दराने काढलेली रक्कम. ती खर्च झाली की कागदावर हिशेब मिटतो. पण मधल्या काळात भूसंपादन, सिमेंट, लोखंड महागतं आणि तेवढ्याच पैशात कमी जमीन भिजते. तो राहिलेला भौतिक अनुशेष. बातमीत नुसतं ‘अनुशेष’ असेल तर आकडा वहीत उतरवूच नका.

‘विदर्भ’ म्हणजे कोणते जिल्हे, हेही विचारा. अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाण्याची तूट भंडारा-गोंदियाच्या तलावांसोबत सरासरीत घातली की झाकली जाते.

आता टक्केवारी. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याच्या सरासरीशी तुलना करून, सिंचन, रस्ते अशी सगळी क्षेत्रं मिळून, सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष काढला. त्यात विदर्भ सुमारे ३९ टक्के. समर्थक इथेच थांबतात. त्याच अहवालात विदर्भ-मराठवाडा सोडून उरलेल्या महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३७ टक्के आहे, हे विरोधक सांगतात. पण तेव्हा विदर्भाची लोकसंख्या राज्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होती, हे तेही सांगत नाहीत. तिन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय बोलू नका.

रामदासपेठ_ताई: मूळ मजकूर वाचाच. विदर्भ महाराष्ट्रात येण्याच्या अटींवर नेत्यांनी केलेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार छोटा आहे. त्यात वर्षाला किमान एक अधिवेशन नागपुरात आणि सरकारने ‘ठरावीक काळ’ इथे येणं आहे. आठवड्यांचा आकडा नाही. तो कायदा नव्हे, राजकीय करार. राज्यघटनेचं कलम ३७१(२) सुद्धा समतोल विकासाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची फक्त मुभा देतं, ते आपोआप लागू होत नाही. आणि १९५५ च्या फाजल अली आयोगाने (राज्य पुनर्रचना आयोग) वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, हे विरोधी बाजू आली तरी लपवू नका. समोरचा काढणारच.

महालकर: ताईंशी सहमत. फक्त कराराला ‘कायदा नव्हे’ म्हणून मोडीत काढू नका. पाळला गेला का, हाच तर समर्थकांचा मुख्य सवाल आहे.

बर्डीकर: आणि तयारी कशी करू?

रामदासपेठ_ताई: न पटणाऱ्या बाजूचं म्हणणं पाच वाक्यांत लिहा आणि त्या बाजूच्या माणसाला वाचून दाखवा. तो म्हणेल, ‘हो, हेच म्हणायचंय’, तेव्हाच त्याचं उत्तर लिहायला घ्या.