शिंपल्यांची फ्रेम: शिंपले गळतायत, वासही जात नाही, तातडीने मदत हवी

सईची_आई: मंडळी, हर्णैहून आणलेल्या शंख-शिंपल्यांनी आरशाची फ्रेम सजवतेय. रात्री चिकटवलेले शिंपले सकाळी जमिनीवर. वर घरभर वास. नवरा म्हणतो, मासळी बाजार मांडलास. रविवारी नणंदेची वास्तुशांत आहे, तिलाच द्यायचीय. 'विकतची घे' म्हणू नका. पटकन सांगा.

पेठकर: कशाने चिकटवलेत? फ्रेम कशाची? शिंपले धुतले होते का? मी ज्योतिषी नाही.

सईची_आई: फेविकॉलने, आणखी कशाने! धुतले की, नळाखाली.

दालदी_नाका: नळाखाली धुऊन काय होतंय? शंखाच्या पिळात जीव मरून अडकलेला असतो, वास त्याचा. गार पाण्यात घालून मग गॅस लाव, एकदम उकळत्यात टाकलेस तर तडकतात. पाच-दहा मिनिटं उकळ आणि वाकवलेल्या सेफ्टीपिनने पीळ फिरवत आतलं ओढून काढ. शिंपल्याच्या सांध्याशी तपकिरी चिवट पट्टी असते, तीही खरवड. आमच्याकडे मातीत पुरतात, मुंग्या साफ करतात, पण रविवारपर्यंत मुंग्यांचं काम व्हायचं नाही.

स्वयंपाकघर: एवढा खटाटोप कशाला? रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडव, चकाचक.

निवृत्त_मास्तर: अजिबात नको! शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतो. सकाळी चकाकी गेलेली असेल आणि कडा कागदासारख्या. उकळूनही वास राहिला तर कपड्यांचं ब्लीच पाण्यात मिसळून त्यात तासभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

स्वयंपाकघर: आम्ही कित्येक वर्षं व्हिनेगरच वापरतो, काही झालं नाही.

निवृत्त_मास्तर: अंड्याचं कवच टाकून बघा एक रात्र. मग बोलू.

भटक्या_७: हर्णैला कुठे उतरलात? ताम्हिणीतून रस्ता कसा आहे सध्या? आम्ही पुढच्या आठवड्यात निघतोय.

पोपटप्रेमी: किनाऱ्यावर समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) मिळाला असेल तर टाकू नका. धुऊन, वाळवून पिंजऱ्यात अडकवा, पोपट चोच घासतात.

पेठकर: पोपट कुणी विचारला? ताई, फ्रेम कशाची ते अजून सांगितलं नाहीत.

सईची_आई: प्लायची हो. वर पांढरा ऑइलपेंट दिलाय. त्याने काय फरक पडतो?

पेठकर: सगळा फरक त्यानेच पडतो. फेविकॉलमधलं पाणी लाकडात शोषलं गेलं तर तो धरतो. इथे खाली ऑइलपेंट, वर गुळगुळीत शिंपला. पाणी जाणार कुठे? पॉलिश पेपरने रंग खरवडून प्लाय उघडा करा आणि दोन नळ्यांचं अरल्डाइट आणा. फ्रेम रात्रभर आडवी ठेवा, भिंतीला टेकवू नका.

दालदी_नाका: अरल्डाइट ठीक, पण शिंपला पालथा ठेवला की फक्त कडा टेकते, मधे पोकळ. त्या पोकळीत एम-सीलची गोळी भर आणि दाबून बसव. मी तसंच करते, एकही पडत नाही.

गणेशखिंड: प्रवाळ तर नाही ना उचलला? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, काही शंखही. शिवाय रिकामे शंख खेकड्यांना घर म्हणून लागतात.

सईची_आई: प्रवाळ नाही, साधे शिंपले आणि चार शंख, खेकडा कुठल्यातच नव्हता. आता उकळायला ठेवलेत. पण एम-सील कडेने राखाडी दिसतं, त्याचं काय करू?

दालदी_नाका: ओलं असतानाच वर वाळू दाब. तीही आधी गोड्या पाण्यात दोनतीनदा धुऊन वाळव, मीठ राहिलं तर पावसाळ्यात ओल धरते.

भटक्या_७: ताम्हिणीचं कुणी सांगेल का?