यात्रा कमिटीत कुणाचं काम काय? (जुन्नर-खेड पट्टा)

शिवाररस्ता: राहायला पुण्यात, गाव जुन्नर तालुक्यात. चैत्रातल्या यात्रेच्या कमिटीत यंदा माझं नाव घातलंय. कागदावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आहेत, पण कामं भलतीच माणसं करताना दिसतात. पट्टी (यात्रेची वर्गणी), मानपान, तमाशाची सुपारी यात कुणाला आधी विचारायचं? जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

वाडी_बुद्रुक: आधी तिघांना गाठा: गुरव, मानकरी घरातलं वडीलधारं माणूस आणि गेल्या सालचा खजिनदार. देवाचं सगळं गुरवाला पाठ असतं. अभिषेक किती वाजता, मांडव डहाळे (मांडवाच्या हिरव्या फांद्यांची मिरवणूक) कुठल्या आळीतून निघतात, हारतुऱ्यांना पहिला मान कुणाचा, छबिना (पालखीची रात्रीची मिरवणूक) कुणाच्या दारात थांबतो, हे कुठल्याही वहीत सापडणार नाही. म्हणून पत्रिका छापखान्यात देण्याआधी मसुदा गुरव आणि मानकरी दोघांनाही वाचून दाखवा. एका भावकीची चार नावं आणि दुसरीचं एकच, किंवा वारलेल्या माणसाच्या नावामागे ‘कै.’ लावायचं राहिलं, एवढ्यावरून पालखी अडते. नावं आळीवार घ्या आणि प्रत्येक आळीच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

पट्टी घरटी असते, माणशी नाही. भाऊ विभक्त असतील तर पट्ट्या दोन. खरा वाद होतो तो रेशनकार्ड वेगळं पण चूल एकच असलेल्या घरांचा. त्यांचं काय करायचं ते देवळातल्या बैठकीतच सगळ्यांसमोर ठरवा, दारात उभं राहून नको. पट्टी मागायला दोघं पाठवा, एक त्याच भावकीतला आणि एक बाहेरचा. भावकीतल्याला कुणी नाही म्हणत नाही आणि बाहेरचा सोबत असला की सूट मागायला संकोच वाटतो. पावतीपुस्तकांना नंबर हवेत, कुठलं पुस्तक कुणाकडे गेलं त्याची नोंद हवी, आणि कोरी उरलेली पुस्तकंही परत मोजून घ्या. मुंबईकर मंडळाची (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची) वर्गणी त्यांचाच माणूस गोळा करतो, त्यात गावाने हात घालू नये. देवस्थानाचा नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी काढा.

रात्रीचा_खेळ: सुपारीबद्दल. नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या (सुपारी ठरवायची तात्पुरती ऑफिसं) गुढीपाडव्याच्या सुमारास लागतात. गावचे पाच जण गेले तरी बोलणी एकानेच करायची. दोघं बोलायला लागले की मॅनेजर ओळखतो, की गावात अजून एकमत नाही, आणि भाव उतरत नाही. आधी तारीख मोकळी आहे का ते विचारा, पैशाचं नंतर. बऱ्याच गावांच्या यात्रा एकाच तिथीला येतात, त्या दिवशीची सुपारी चढीच असते. रात्रीचा खेळ आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी (दिवसाचा कार्यक्रम) दोन्ही धरलंय का, जनरेटर कुणाचा, कलाकारांचं जेवण कुणाकडे, पाऊस आला तर दिलेल्या उचलीचं (आगाऊ रकमेचं) काय, हे सगळं कागदावर घ्या. तोंडी ठरलेलं यात्रेच्या रात्री कुणालाच आठवत नाही.

आणि स्टेजसमोर पहिल्या रांगेत एक माणूस मुद्दाम बसवा, ज्याचा शब्द पोरं मोडत नाहीत. बहुतेक तो जुना पैलवान किंवा निवृत्त मास्तर असतो. पत्रिकेत त्याचं नाव नसतं, पण हुल्लड सुरू झाली की तो नुसता उठून मागे वळला तरी पोरं खाली बसतात. त्याला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, माईकवरून नको.

शिवाररस्ता: छान माहिती. पोलीस पाटलांना कमिटीत घ्यावं का? आणि बैलगाडे भरवायचे ठरले तर?

घाटातली_बारी: पोलीस पाटलांना घेऊ नका. त्यांची नेमणूक १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली होते, आणि गावात काही घडलं तर ठाण्याला कळवणं हे त्यांचं कामच आहे. त्यांना कमिटीत किंवा कुस्तीच्या आखाड्याच्या पंचांत बसवलं तर उद्या भांडणात त्यांच्या सांगण्याला वजन राहत नाही. बंदोबस्ताचा आणि लाउडस्पीकरचा अर्ज मात्र त्यांना दाखवूनच ठाण्यात द्या.

बैलगाडा शर्यतींना सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये मान्यता कायम केली, पण ती नियमांसकट. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी हवीच. बारीचे (गाड्याच्या एकेका धावेचे) नंबर टोकन काढून द्या, तेही गाडामालकांच्या समोर. घड्याळावर बसणारा आणि निशाण पाडणारा, दोघंही शक्यतो परगावचे घ्या, कारण गावातल्या गाड्याला कमी सेकंद दिले हा आरोप कायमचा चिकटतो. सारखे सेकंद आले तर बक्षीस विभागून, हे सकाळी पहिली बारी सुटण्याआधीच पुकारा.

वाडी_बुद्रुक: एक राहिलं. हिशेब आठवड्याच्या आत देवळात वाचा, शिल्लक बँकेत भरल्याची पावती जोडून. वाचायला खजिनदाराला बसवू नका, ज्याने पट्टी मागितली नाही असा एखादा शिक्षक घ्या. खजिनदार शेजारी पावत्यांची फाइल घेऊन बसेल, कुणी शंका काढली की कागद लगेच समोर.